सहाणेवरचा पूजलेला खांब

मी खांब आहे मित्रांनो, पण माझ्या डोक्यावर छप्पर असं कधी आलंच नाही.

गुहागरच्या बाजूला, समुद्राला लागून, आमची लहानशी वाडी आहे. तिथल्या एका बंद घराच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या अगदी शेजारी, मी आडवा पडून आहे. एकेकाळी माझं अंग आरशासारखं होतं. आता चहा सांडून वाळावा तसे तपकिरी डाग माझ्यावर जागोजाग पडले आहेत. मध्यावर मी वाकलो आहे, आणि पायाशी माझ्या अंगाला एक खोल घडी पडली आहे. वाटेने जाणारी मुलं मला बघून म्हणतात, "ह्यो बघ वाकडा पाइप." म्हणू देत. मला राग येत नाही. पण मी कसा वाकलो ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्हीही रोज कुठल्या ना कुठल्या खांबाच्या भरवशावर बसता, खेळता, झोपता.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. कुणाच्या मोडक्या कढया, चेपलेले डबे, झिजलेले चमचे वितळून त्यांचा रस केला होता. त्या रसाची लालभडक लादी झाली, लादी लाटून लाटून पातळ पट्टी झाली, आणि ती पट्टी गोल गुंडाळून तिच्या दोन्ही कडा जोडल्या. कपड्याला शिवण असते तशी माझ्या पाठीला एक बारीक शिवण आहे. मग मला घासून घासून चकचकीत केलं. मी कशासाठी जन्मलो ते मला कुणी सांगितलं नाही. पुढे कळलं की माझ्यासारखे पाइप दुकानांच्या दर्शनी भागात शोभेला लावतात, जिन्याच्या कठड्याला लावतात. दिसायला भरदार, आतून पोकळ. माझी भिंत किती पातळ आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? स्वतःची जाडी आतून दिसत नाही.

मुंबईच्या एका दुकानातून मला नितेशने घेतलं. मला आणि माझ्या तीन भावंडांना. नितेश आमच्या वाडीचाच, मुंबईला नोकरीला. दुकानदाराला तो म्हणाला होता, "खाऱ्या वाऱ्यात गंजता कामा नये. बाकी काय नको." दुकानदार म्हणाला, "स्टील आहे, तुमच्या नातवापर्यंत गंजणार नाही." त्याने जे विचारलं त्याचं उत्तर खरंच होतं. भार किती घेईल, हे नितेशने विचारलं नाही आणि दुकानदाराने सांगितलं नाही.

गंजण्याची एवढी धास्ती त्याला का होती, ते आता सांगतो, नितेशची आई, म्हणजे आमच्या मथुराकाकी, सांगायच्या तसं.

आमच्या वाडीत देवळासमोर सहाण आहे. सहाण म्हणजे चिऱ्यांचा मोठा चौथरा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी देवळाबाहेर येते ती ह्या सहाणेवर बसते. आधी तिथे लोखंडी खांबांवर पत्र्याचं छप्पर होतं. दर शिमग्याला त्या खांबांना नवा रंग द्यायचे. रंग बघून सगळे म्हणायचे, खांब कसे नव्यासारखे आहेत. रंगाखाली खारं वारं त्यांना पायाशी खात होतं ते कुणाला दिसलं नाही. एका शिमग्याला पालखी नाचत असताना समोरचा उजवा खांब बसला आणि छप्पर खाली आलं. पालखीचा पुढचा दांडा विठूच्या खांद्यावर होता. बाकीचे बाहेर पळाले. विठूने पालखी टाकली नाही.

विठू म्हणजे नितेशचे वडील. मथुराकाकींचे यजमान.

त्यानंतर सहाण उघडीच राहिली. मथुराकाकींनी नेम धरला, की सहाणेवर पुन्हा छप्पर होईल आणि त्याखालून पालखी नाचून सुखरूप बाहेर येईल, तोवर दिवसातून एकदाच जेवायचं. विठूच्या जागी पालखीचा पुढचा दांडा आता नितेशच्या खांद्यावर येणार होता. आईचा जीव तिथे अडकला होता. त्या बोलायच्या नाहीत फारसं. जेवायच्या एकदाच.

म्हणून नितेशने आम्हाला आणलं. ह्या वेळी पत्रा नको, वर स्लॅब टाकायचा, असं गावाने ठरवलं. पत्रा वादळात उडतो. शिवाय स्लॅबवर बायकांना उभं राहून पालखी बघता येईल. आम्ही चौघे टेम्पोतून उतरलो तेव्हा सगळी वाडी जमली होती. दसरा होता. भिकाजी गुरवांनी, म्हणजे आमच्या देवळाच्या पुजाऱ्यांनी, आम्हाला आपट्याची पानं वाहिली, हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. समोरच्या उजव्या कोपऱ्यासाठी मी निवडला गेलो. त्याच कोपऱ्यात विठूंचा जीव गेला होता. मथुराकाकींनी माझ्याभोवती सूत गुंडाळलं आणि गाठ मारताना हळूच त्यांचं नाव घेतलं. बायकोने नवऱ्याचं नाव असं घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आमची उभारणी शिमग्याआधी व्हायची होती. तोवर आम्ही सहाणेवर आडवे होतो. काकी रोज सकाळी विहिरीचं गोडं पाणी तांब्यातून आणायच्या, आमच्या अंगावरून ओतायच्या, पदराने पुसायच्या. माझ्यापाशी थोड्या जास्त रेंगाळायच्या. "काल झोप लागली नाय," असं काहीतरी सांगायच्या. ते दिवस माझे सगळ्यात सुखाचे. काम न करताच मला मान मिळत होता. मला वाटायचं, एकदा उभा राहू दे, मग ह्या मायेचं सोनं करीन.

दिवाळीला सानिका आली. ही नितेशची धाकटी बहीण, रत्नागिरीच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकणारी. आम्हाला बघून तिला आनंद झाला, तिने हात फिरवला, आणि मग म्हणाली, "दादा, ह्यातला एक आमच्या लॅबमध्ये ने. दाबून बघू किती भार घेतो."

"दाबलास तर मग राहील काय त्याचं?"

"काय नाय राहणार. मोडेपर्यंत दाबतात. त्याशिवाय कळत नाय."

नितेशचा चेहरा पडला. "व्वा! बाबांच्या नावाने मी आणायचे आणि तू मोडायचेस. हीच विद्या शिकलीस काय?"

"बाबांच्या नावानेच सांगत्येय ना."

बोलणं वाढलं तसं ते देवळात गेलं. भिकाजी गुरव मऊ माणूस, पण ह्या बाबतीत ठाम. ते म्हणाले, "पूजा झाली, म्हणजे तो आता पाइप नाय, बाय. देवापुढे समई लावल्यावर ती फुंकून बघतंय काय कोण, वात बरी हाय काय म्हणून?"

शेवटी कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे अडलेली गोष्ट देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माजे आये, पूजलेला खांब मोडायला देऊ काय नको, तूच सांग." गाभाऱ्यात सगळे श्वास धरून उभे होते. पाकळी डावी पडली.

सानिकाचाही देवावर भाव होता. ती एवढंच म्हणाली, "मग पूजा न झालेला एक आणा. तसाच."

नितेशने हातखंब्याच्या नाक्यावरच्या एका दुकानातून पाचवा खांब आणला. आमच्याच उंचीचा, आमच्याच घेराचा, तसाच चकचकीत. आमच्यासारख्याच त्याच्याही दोन्ही टोकांना झाकणासारख्या चकत्या जोडून घेतल्या, त्यामुळे आत कुणाचं काय आहे ते बाहेरून दिसेना. त्याला हळद लावली नाही, कुंकू लावलं नाही, कुणी बोललंही नाही त्याच्याशी. तो तसाच रत्नागिरीला गेला. तिथे त्याला दाबलं, आणि तो लागणाऱ्या भाराच्या कितीतरी पुढे गेल्यावर वाकला. टेम्पो परत आला तेव्हा नितेश हॉर्न वाजवतच वाडीत शिरला. "घ्या बाईसाहेब! झालं समाधान?" सानिकाही हसली. चार माणसांनी धापा टाकत पाचव्याला खाली उतरवलं, मग त्याला हार घातला, नारळ फुटला. आम्हीही मनातून फुगलो. आमचा भाऊ पास झाला, म्हणजे आम्ही पास.

मित्रांनो, वाडीच्या त्या आनंदात खोट नव्हती. सगळ्यांनी सगळं देवाला स्मरून, माणसाला जपून केलं होतं. चूक झाली ती मायेपोटी झाली. जे जीव लावून पूजलं ते मोडायचं नाही, म्हणून दुसऱ्याला मोडलं, आणि उत्तर मात्र आपलं समजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मथुराकाकी नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन आल्या. वरून पुसून झाल्यावर खालची बाजू पुसायला त्यांनी माझं एक टोक उचललं आणि मांडीवर घेतलं. रोजच घ्यायच्या. सानिका पायरीवर बसून चहा पीत होती. तिचा कप तिथेच थांबला.

"आई, खाली ठेव त्याला."

"का गो?"

"ठेव. आता परत उचल."

"येडी झालीस काय सकाळी सकाळी?" असं म्हणत काकींनी मला पुन्हा उचललं. एका हाताने. दुसऱ्या हातात तांब्या होता.

सानिका उठली. पलीकडे हार घातलेला पाचवा पडला होता. तिने त्याचं टोक धरलं. दोन्ही हातांनी जोर लावला. तो जागचा हलला नाही. मग ती तिथेच खाली बसली.

"आई, काल ह्याला उतरवायला चौघे लागले. आणि तो तू मांडीवर घेतेस. दिसायला सारखे हायत गो, पण ह्याची भिंत जाड आणि त्याची पातळ. पास झाला तो हा. त्या चार खांबांचं काय ते कुणालाच ठाऊक नाय."

मला ते ऐकून पहिल्यांदा माझ्या पोकळीची भीती वाटली. तोवर मला वाटायचं, काकी मला मांडीवर घेतात ती माया आहे. मायाच होती ती. पण मी हलका होतो हेही खरं होतं.

नितेशला सांगितलं तेव्हा तो चिडला. खड्डे खणून झाले होते, गवंडी यायचा होता, त्याची रजा संपत आली होती. "पातळ असले तरी स्टील हाय. लोखंड थोडंच हाय कुजायला!"

"कुजणं वेगळं, दादा. वाकणं वेगळं."

"तुला मी आणलेलं काय बरं वाटतच नाय. पहिल्यापासून."

सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पुढचा दांडा तुझ्या खांद्यावर येणार हाय म्हणून बोलत्येय, माझ्या नाय."

संध्याकाळी सहाणेवर सगळे जमले. भिकाजी गुरव हात जोडून म्हणाले, "वयनी, देवाने डावा कौल दिलाय. एकच प्रश्न देवाला दोनदा विचारायचा नसतो."

तेव्हा मथुराकाकी उभ्या राहिल्या. चार माणसांत उभं राहून बोलायची त्यांना सवय नव्हती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नका विचारू, भावजी. त्या देवीबायला कशाला परत अडचणीत टाकायची? ती नाय म्हणाली ते बरोबरच. पूजलेलं मोडायचं नाय. पण गणपती आपण पूजतो ना? जेवू घालतो, आरत्या म्हणतो. आणि मग उत्तरपूजा करून पाण्यात सोडतो. तो काय आपण देव मोडतो?"

मागून एकजण खवचटपणे म्हणाला, "मग काय, खांबाला आता समुद्रात सोडतेस काय, मथुरा?"

"समुद्रात नाय," काकी म्हणाल्या. "रत्नांगिरीला सोडते."

दोघेतिघे हसले आणि मग हसू तिथेच विरलं. काकी पुढे म्हणाल्या, "माजा द्या. त्यांच्या नावाने सूत गुंडाळलंय तो. दुसऱ्याचा मागत नाय मी." भिकाजी गुरव बराच वेळ सहाणेच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि अक्षता आणायला देवळात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी उत्तरपूजा झाली. काकींनी स्वतः केली. मला दहीपोहे दाखवले, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. सूत सोडताना गाठ सुटेना, कारण ती त्यांनीच घट्ट मारली होती. सोडता सोडता त्या माझ्यापुरतंच बोलल्या, "निघताना परत या असं म्हणायचं असतं. तुला कसं म्हणू रे?"

मला बोलता येत असतं, तर मी म्हटलं असतं, मी येईन. मी तेव्हाही खुळ्यासारखा हेच समजत होतो, की मी टिकणार. पातळ असलो तरी टिकणार. एवढ्या मायेने न्हालेला मी, मला काय होणार?

फेरीबोटीने खाडी ओलांडून आम्ही रत्नागिरीला गेलो. नितेश टेम्पो चालवत होता. काकी पाठीमागे माझ्याजवळ बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा सोमवार होता, पोटात काही नव्हतं. बोटीवर खारं पाणी उडालं तसं त्यांनी मला पदराने पुसलं. आता पुसून काय करायचं होतं? पण हाताला सवय होती.

लॅबमध्ये जाड लोखंडी चौकट होती. त्या चौकटीत मला उभं केलं. मित्रांनो, आयुष्यात मी सरळ उभा राहिलो तो तेवढाच. अजिंक्य सर म्हणून सानिकाचे शिक्षक होते. त्यांनी ओळंबा लावून मला पुन्हा पुन्हा तपासलं, जरासाही कललो तर उत्तर चुकेल म्हणून. माझ्या अंगावर नखाएवढ्या चिकटपट्ट्या लावल्या, त्यांना बारीक तारा जोडल्या. मी आत किती आवळतो आहे ते त्या तारांतून समोरच्या पडद्यावर दिसणार होतं. उसळून कुणाला लागू नये म्हणून मला सैल साखळीने बांधलं.

काकी म्हणाल्या, "एवढं बांधून? पळून जाईल काय तो?"

सर हसले. "तो नाही पळणार, मावशी. तुम्हीच जरा त्या रेघेच्या मागे उभ्या राहा."

"त्याला दुखेल?"

सरांचं हसू गेलं. त्यांनी सानिकाकडे पाहिलं, मग काकींकडे. "हळूहळू दाबू," ते म्हणाले.

खालून जॅक वर येऊ लागला. पहिला भार मला आवडला. खरं सांगतो, मला तो स्लॅबसारखा वाटला. मला वाटलं, हेच ते, ह्याचसाठी मी जन्मलो. मी ताठ उभा राहिलो. थोडं थांबून पुन्हा भार वाढवला. पुन्हा थांबले, आकडे बघितले, पुन्हा वाढवला. लोखंडाचं अंग थकलं की ते एका क्षणी एकदम सांगतं, असं सर मुलांना समजावत होते. आमचं स्टीलचं तसं नाही. आम्ही सांगत नाही. आतून थोडे थोडे मऊ पडत जातो, बाहेरून तशीच चकाकी. मला आत काहीतरी सैल होताना जाणवलं आणि मी ते लपवून धरलं. काकी समोर होत्या ना. त्यांचे ओठ हलत होते. जप चालला होता.

मग माझ्या पायाजवळ, आत, चुण्या पडल्यासारखं झालं. मी धरायला गेलो आणि धरता आलं नाही. पातळ भिंतीला घडी पडली, कमरेतून मी बाजूला गेलो, साखळी खळ्ळकन वाजली. वरचा भार ज्या डोक्यावर घ्यायचा होता ते डोकं माझं कललं. केवढा तो आवाज, पण तो माझा नव्हता. काकींच्या हातातला तांब्या फरशीवर पडला होता. त्यांनी माझ्यासाठी विहिरीचं पाणी तांब्यातून तिथवर आणलं होतं.

"संपलं," अजिंक्य सर म्हणाले आणि जॅक खाली घेतला.

"पास?" काकींनी विचारलं.

सानिकाने मान हलवली. "नाय, आई. निम्म्यावरच गेला. वर स्लॅब आणि बायका उभ्या राहिल्या असत्या तर…"

नितेश रेघ ओलांडून आला. त्याने माझ्या घडीवरून बोट फिरवलं. मग तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "बाबांच्या नावाने आणले होते गो मी. मुद्दाम बघून बघून, डाग नाय असे." सानिका त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात धरला. भांडण तिथे संपलं. ते कसं संपलं ते मला नीट दिसलं नाही, मी वाकलेला होतो.

मी नापास झालो, मित्रांनो. नापास झालेल्या खांबाला कुणी हार घालत नाही. माझ्या तीन भावंडांना सहाणेवर उभं केलं नाही. देवळाच्या पायऱ्यांना त्यांचा कठडा केला, म्हाताऱ्या माणसांना धरायला. ते काम त्यांच्या अंगाला सोसणारं होतं, आणि ते त्यांनी चांगलं केलं. पाचव्याच्या जातीचे जाड खांब नव्याने आले. त्यांच्यातलाच एक आधी रत्नागिरीला जाऊन दाबला गेला आणि टिकला, मगच बाकीच्यांना हळदकुंकू लागलं. तेव्हापासून वाडीत तो रिवाजच पडला. आधी तपासणी, मग पूजा. भिकाजी गुरवांनीच तो पाडला. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली होती. म्हणाले, "वयनी, ह्याला वाटेवर टाकू नको. घरी ने."

असा मी काकींच्या अंगणात आलो. सूत सोडून पाठवलेला, परत या न म्हणता पाठवलेला, तरी आलो.

शिमग्याला सहाणेवर स्लॅब होता. बायका वर उभ्या होत्या. ढोल वाजला, पालखी नाचायला लागली, आणि काकी मात्र तिथे गेल्या नाहीत. त्या माझ्यापाशी तुळशीजवळ बसून होत्या, एक हात माझ्या घडीवर ठेवून. ढोल चढला की त्यांची बोटं आवळायची. बऱ्याच वेळाने ढोल थांबला आणि गुलालाने माखलेला नितेश धावत अंगणात आला. "आई, झालं गो! आलो बघ!" काकींनी त्याच्या चेहऱ्यावरून, खांद्यांवरून हात फिरवला, जणू अंगावरची जागा न् जागा मोजून घेत होत्या. मग आत जाऊन पुरणपोळी घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसून जेवल्या. त्या दिवसातलं ते दुसरं जेवण. विठू असते तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याही मनात आलं, मी टिकलो असतो तर. तेही मी म्हटलं नाही.

त्यानंतरची वर्षं शांत गेली. काकी रोज सकाळी आधी सहाणेवरच्या खांबांना गोड्या पाण्याने न्हाऊ घालायच्या, मग मला. कुणी म्हणायचं, "मथुरावयनी, ह्या मोडक्याला कशाला पाणी?" त्या म्हणायच्या, "त्याचं काम आधी झालं एवढंच." एवढं एक वाक्य, पण मला ते अजून पुरतं.

काकी गेल्या. एकादशीचा उपास होता, सकाळची पूजा आटपून टेकल्या त्या उठल्या नाहीत. सानिका कामानिमित्त लांब असते, नितेश मुंबईला. घराला कुलूप लागलं. तेव्हापासून माझ्यावर डाग पडायला लागले. न गंजणारा म्हणून मला आणलं होतं ना? आमचंही अंग खाऱ्या वाऱ्याने डागाळतं, मित्रांनो. त्यावर मीठ बसतं, ते वेळच्या वेळी धुतलं नाही तर बारीक खड्डे पडायला लागतात. गंजत नाही म्हणजे जपावं लागत नाही, असं नाही.

शिमग्यात पालखी घरोघर फिरते. यंदाही ती ह्या बंद घराच्या अंगणात आली. पुढच्या दांड्याला नितेश होता. त्याच्या केसांत आता पांढरं दिसतं. पालखी टेकवून झाल्यावर तो मागच्या अंगणात आला, विहिरीचं पाणी काढलं आणि तांब्याने माझ्या अंगावर ओतलं. पुसायला पदर नव्हता, खांद्यावरच्या टॉवेलने पुसलं. डाग गेले नाहीत. तो थोडा वेळ माझ्या घडीवर हात ठेवून बसला, आणि ढोल वाजला तसा गेला.

मला आता काही नको. माझी परीक्षा एकदाच होती, ती होऊन गेली. पण परवा मला वाकडा पाइप म्हणणारी तीन-चार मुलं हौसेने सहाणेवरचे खांब धुताना मी इथून ऐकली. समुद्र जवळ, म्हणून बादल्या तिथूनच भरून आणल्या होत्या. किती आनंदाने धूत होती! माझा जीव तुटला. मला ओरडून सांगता येईना.

म्हणून तुम्हाला सांगतो. ज्याच्याखाली आपली माणसं उभी राहणार, त्याला आधी तपासून घ्या. आवडतं म्हणून त्याला मागे ठेवून दुसऱ्याला पुढे करू नका. आणि जे तपासून उभं राहिलं आहे, त्याला विसरू नका. आमच्या वाडीत कधी आलात, तर सहाणेवर जा. उजव्या कोपऱ्यातल्या खांबाला तांब्याभर पाणी घाला. समुद्राचं नको. विहीर माझ्या मागेच आहे.